गोवराचा दुसरा डोस आणि ऊसतोडीचं कॅलेंडर

मी नोकरीला लागले तेव्हा बाळाच्या कार्डावर गोवराची एकच चौकट होती. नऊ महिने पूर्ण झाले की उजव्या दंडाला सुई, चौकटीत तारीख, रजिस्टरला 'पूर्ण संरक्षित' अशी नोंद, आणि आईला सांगायचं, "आता दीड वर्षाला या, बूस्टरला." गोवराचा विषय तिथंच मिटायचा. ही लस १९८५ पासून सरकारी लसीकरणात आहे आणि पुढची पंचवीस वर्षं ती एकदाच दिली जायची. २०१० पासून दुसरा डोस सुरू झाला, कार्डं बदलली, दीड वर्षाच्या रांगेत आणखी एक चौकट आली. त्या एका चौकटीने माझं जेवढं डोकं खाल्लंय तेवढं बाकीच्या सगळ्या कार्डाने मिळून खाल्लेलं नाही.

मी आरोग्यसेविका. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझं उपकेंद्र आहे. दसरा-दिवाळी झाली की माझ्या गावांतल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, कोल्हापूर, सांगली, सातारा, कुणी थेट कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेची थोडी पोरं. पाच वर्षांखालची लेकरं मात्र आईबापाबरोबरच जातात, कारण त्यांना सांभाळू शकेल असं मागे कुणी नसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं या कुलपांशी बांधलेलं आहे.

तर प्रश्न. आज्या विचारतात, "बाई, एकदा टोचलंय की गोवराचं. पुन्हा कामून?" शिकलेल्या सुना विचारतात, "मॅडम, पहिला झालाय ना? मग दुसरा राहिला तर चालतंय की." आणि बाप काही विचारत नाहीत, ते गाडी चालू ठेवून उभे असतात.

प्रश्न चुकीचा नाही. धनुर्वाताचं लोकांना पटतं: डोस घेतला, ताकद आली, ती काही वर्षांनी उतरते, म्हणून पुन्हा घ्यायचा. गोवराचंही तसंच असेल असं सगळे धरून चालतात. मग मनात हिशोब होतो की पहिल्याची ताकद अजून अंगात असेल, दुसरा थोडा मागेपुढे झाला तर काय बिघडतंय? पण गोवराचं गणित निराळं आहे. ज्या लेकराला पहिला डोस लागू पडला, त्याला त्याने मिळालेलं संरक्षण बहुतेक वेळा जन्मभर पुरतं. त्या लेकराला दुसऱ्या डोसाची फारशी गरजच नसते. दुसरा डोस आहे तो ज्याला पहिला लागूच पडला नाही त्याच्यासाठी.

नवव्या महिन्यात शंभर बाळांना ही लस दिली तर साधारण पंच्याऐंशी जणांना ती लागू पडते. पंधरा जणांना नाही. सुई नीट बसली, लस थंड होती, सिस्टर हुशार होती, तरी नाही. याचं मोठं कारण म्हणजे त्यांची आईच. गरोदरपणात आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी बाळाकडे जातात. आईला लहानपणी गोवर होऊन गेलेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर गोवराविरुद्धच्या अँटिबॉडीही जातात. पहिले काही महिने त्याच बाळाला राखतात. पुढे त्या हळूहळू कमी होत जातात; कुणाच्या सहाव्या महिन्यात संपतात, कुणाच्या नवव्यातही थोड्या उरतात. आता, गोवराची लस म्हणजे अशक्त केलेला पण जिवंत विषाणू. तो बाळाच्या अंगात थोडा वाढला तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. आईच्या अँटिबॉडी शिल्लक असतील तर त्या लसीतल्या विषाणूलाही खरा गोवर समजून तिथल्या तिथे संपवतात. शरीराला शिकायला मिळतच नाही. कार्डावर तारीख पडते, पण आत काही घडलेलं नसतं.

मग थांबून वर्षानंतरच का देत नाही? अमेरिकेत पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान देतात आणि त्या वयात तो शंभरातल्या त्र्याण्णव जणांना लागू पडतो. आपल्याकडे अजून गोवर फिरतो. बारा महिने वाट बघितली तर मधल्या तीन-चार महिन्यांत लेकरं उघडी पडतात, आणि वर्षाखालच्या बाळाला झालेला गोवर फार वाईट. म्हणून नववा महिना हा तडजोडीचा महिना आहे. लवकर देऊन पंच्याऐंशींना वाचवायचं, आणि उरलेल्यांसाठी दीड वर्षाला परत यायचं. दीड वर्षाला आईच्या अँटिबॉडी उरलेल्या नसतात, त्यामुळे पहिल्या वेळी हुकलेल्यांपैकी बहुतेक सगळ्यांना तेव्हा लागू पडते. दोन्ही मिळून शंभरातले सत्त्याण्णवच्या आसपास.

आमच्याकडे हे मी कपाशीवरून सांगते. सरकी टोबली, आठ-दहा दिवसांनी वावरात गेलं की काही ठिकाणी उगवलेलं नसतं. बी चांगलं असतं, पाऊस असतो, तरी काही जागा मोकळ्या. मग त्या मोकळ्या जागी पुन्हा बी टोबून आपण नांग्या भरतो की नाही? दुसरा डोस म्हणजे नांग्या भरणं. फरक एवढाच की वावरात नांगी दिसते, लेकरात दिसत नाही. शंभर लेकरं माझ्यासमोर ओळीत उभी केली तरी त्यातली पंधरा कोणती हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना येणार नाही, आईला तर नाहीच. प्रत्येकाचं रक्त तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना पुन्हा देणं सोपं आणि स्वस्त. ज्याला पहिला लागलाय त्याला दुसऱ्याने काही अपाय होत नाही. एका आजीने हे ऐकून मला विचारलं होतं, "म्हंजी माझ्या नातवाचं उगवलंय का नाही, तुला बी ठावं न्हाई?" मी म्हटलं, "नाही आजी." त्यावर तिला राग आला नाही, उलट पटलं. 'मला माहीत नाही' असं सरकारी माणसाने म्हटलेलं लोकांना आवडतं, असं माझं निरीक्षण आहे.

आता यावर कुणी म्हणेल, पंच्याऐंशी टक्के म्हणजे काही कमी नाही, डिस्टिंक्शनच की. परीक्षेत असेल. गोवरात नाही. गोवराइतका झपाट्याने पसरणारा दुसरा आजार शोधून सापडायचा नाही. कुणालाच संरक्षण नाही अशा गावात एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होते. अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते लेकरू गोवर पसरवत असतं, म्हणजे पुरळ बघून वेगळं ठेवायचं म्हणाल तर तोवर उशीर झालेला असतो. शिंकून-खोकून ते खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. अशा आजाराला अडवायचं तर वस्तीतल्या शंभरातल्या पंच्याण्णव जणांना संरक्षण असावं लागतं. आणि मी एकही लेकरू न चुकवता सगळ्यांना पहिला डोस दिला, तरी माझे होतात पंच्याऐंशीच. एका डोसात पंच्याण्णवला पोचता येतच नाही, कितीही धावपळ केली तरी.

शिवाय हे हुकलेले पंधरा दरवर्षी साठत जातात. माझ्या भागात वर्षाला शंभर बाळं जन्मली असं धरा. या वर्षीचे पंधरा, मागच्या वर्षीचे पंधरा, त्याच्या मागचे पंधरा. पाच वर्षांत पंच्याहत्तर लेकरं, सगळ्यांच्या कार्डावर गोवराची तारीख व्यवस्थित पडलेली, आणि एकालाही संरक्षण नाही. जे सत्राला आलेच नाहीत ते वेगळे. दोन-चार वर्षं काही होत नाही, सगळे निवांत असतात. मग एक दिवस लग्नाच्या गर्दीत नाहीतर जत्रेत कुठून तरी गोवर येतो आणि साठलेलं सगळं एकदम पेटतं. त्यानंतर लोक म्हणतात, लस घेऊनही गोवर झाला, म्हणजे लस खोटी.

अमेरिकेने हा धडा आपल्या आधी घेतला. तिथे लस १९६३ मध्ये आली. १९७८ मध्ये त्यांनी ठरवलं की १९८२ पर्यंत गोवर देशातून घालवायचा. तो काही गेला नाही. शाळाशाळांतून उद्रेक होत राहिले, आणि त्यात एक डोस झालेली मुलंही होती. शेवटी १९८९ मध्ये दोन डोसांचा नियम केला, आणि २००० मध्ये गोवर तिथून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. (नंतर बाहेरून पुन्हा येत राहिला, लस न घेणाऱ्यांच्या वस्त्यांत पसरत राहिला, ती वेगळी कथा.) लसीच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'एडमन्स्टन-झाग्रेब' असं छापलेलं असतं. यातला एडमन्स्टन हा बॉस्टनजवळच्या शाळेतला एक मुलगा. १९५४ मध्ये त्याला गोवर झाला असताना घेतलेल्या नमुन्यातून हा विषाणू वेगळा केला गेला. ती बाटली आपल्या पुण्यात तयार होते आणि जगभर जाते. पुण्याहून आफ्रिकेत पोचते, आणि आमच्या वाडीवर पोचायला मात्र पावसाळ्यात माझ्या खांद्यावरचा व्हॅक्सिन कॅरियर लागतो, कारण ओढ्याला पूल नाही. असो.

गोवर म्हणजे काय ते आताच्या तरुण आयांनी पाहिलेलं नाही. आज्यांनी पाहिलंय. आमच्याकडे गोवर निघाला की उशाला कडुलिंबाचा डहाळा ठेवतात, घरात फोडणी देत नाहीत, दवाखान्यात नेत नाहीत. डहाळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती लेकराचं खाणं तोडण्याबद्दल आणि दवाखाना टाळण्याबद्दल. गोवराने लेकरू पुरळामुळे जात नाही. ते जातं न्यूमोनियाने, जुलाबाने. कुणाचा कान फुटतो, कुणाचे डोळे जातात. हजारातल्या एखाद्याच्या मेंदूला सूज येते. म्हणून गोवर झालाच तर अ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस लागोपाठ द्यायचे असतात. ते आमच्याकडे मोफत मिळतात, आणि त्यासाठी तरी लेकराला दवाखान्यात आणा.

आणखी एक गोष्ट आज्यांना शास्त्रज्ञांच्या आधी माहीत होती. "गोवर झालेलं लेकरू वरीसभर उभारी धरत न्हाई," असं आमच्या म्हाताऱ्या म्हणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर त्यांच्या शरीरात इतर आजारांविरुद्ध आधीपासून असलेल्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या. म्हणजे पूर्वी जे आजार भोगून शरीर शिकलं होतं, ते गोवर पुसून टाकतो. पुन्हा पहिलीपासून शाळा. त्यामुळे गोवर बरा झाला तरी पुढे कितीतरी महिने लेकराला कधी हे, कधी ते चालूच राहतं.

आता कुलपांकडे येते.

दुसऱ्या डोसाचं वय सोळा ते चोवीस महिने. पुस्तकात हे आठ महिन्यांचं ऐसपैस अंतर वाटतं. माझ्या गावात बसून हिशोब करा. समजा लेकरू जुलैत झालं. नऊ महिने एप्रिलमध्ये भरतात, तेव्हा टोळी परत आलेली असते, पहिला डोस व्यवस्थित होतो. सोळा महिने भरतात नोव्हेंबरमध्ये. तेव्हा ते लेकरू कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडात, पाचटाच्या ढिगाजवळ बहिणीच्या मांडीवर. परत येईपर्यंत एकवीस महिने. मग लग्नसराई, मग नांगरट, मग पेरणी. जुलैत चोवीस संपतात.

लेकरू फेब्रुवारीत झालं असेल तर आणखी अवघड. नऊ महिने नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पहिलाच डोस फडात गाठतो. तिकडे नाही मिळाला तर एप्रिलमध्ये, चौदाव्या महिन्यात. दुसरा जूनच्या पुढे, ऐन पेरणीत. तेव्हाही हुकला तर दसऱ्याला टोळी पुन्हा निघाली. जानेवारीत जन्मलेली लेकरं नशीबवान: पहिला डोस निघायच्या आधी ऑक्टोबरमध्ये, दुसरा आल्यावर मे महिन्यात. मी आशाताईला गमतीने म्हणते, "जोडप्यांना जानेवारीचाच मुहूर्त सांगत जा." ती म्हणते, "मॅडम, उचल ठरवायला मुकादम, आता मुहूर्त ठरवायला तुम्ही."

म्हणून 'लोक लसीला विरोध करतात' असं कुणी बैठकीत म्हटलं की मला बोलावंसं वाटतं. विरोध करणारे आहेत, पण माझ्या रजिस्टरमधल्या दुसऱ्या रकान्यातल्या मोकळ्या जागा त्यांच्या नाहीत. त्या बहुतेक सगळ्या ऊसतोडीच्या आहेत. पहिल्या वर्षात आई आमच्या हाताशी असते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, तिला यायची सवय झालेली असते, बाळ अंगावर असतं, घरचेही पाठवतात. नवव्या महिन्यानंतर पुढचं बोलावणं थेट सात महिन्यांनी. तेवढ्यात बाळ चालायला लागतं, आई कोयत्याला जुंपली जाते.

आणि फडातही आमचे लोक जातात, हे खोटं नाही. कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जाऊन लस देतात. सांगलीकडची एक सिस्टर माझ्या ओळखीची झाली आहे, फोनवरच. आमच्या टोळ्या तिच्या हद्दीत उतरतात. ती सांगते की सकाळी दहाला कोप्यांवर गेलं तर तिथं फक्त कुत्री असतात. बाया पहाटेच फडात गेलेल्या. फडात गेलं तर आई म्हणते, "आता नको, पोरगं तापलं तर मोळ्या कोण बांधील?" एक खाडा पडला की मुकादम पैसे धरतो. तिची भीती खरी आहे. दीड वर्षाला गोवराबरोबर डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांचा) बूस्टर असतो, तो मांडीत, आणि त्याने त्याच रात्री ताप येऊ शकतो, पाय दुखतो. गोवराच्या लसीने ताप आलाच तर तो आठवडा-दीड आठवड्याने येतो, काही लेकरांनाच, दोन दिवस, कधी थोडं पुरळही उमटतं, आणि आपोआप जातं. म्हणजे त्या रात्रीच्या तापाचा आळ उगाच गोवरावर येतो. पॅरासिटामॉलचं औषध जवळ ठेवायचं, किती द्यायचं ते विचारून घ्यायचं, पण डोस सोडायचा नाही. मी तर निघायच्या आधीच देते, म्हणजे ताप आला तर घरी येईल.

बाटलीचंही एक दुखणं आहे, ते बाहेरच्यांना कळत नाही. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते. तिच्याबरोबर आलेलं डायल्युएंटच घालून ती विरघळवायची, बाटलीवर वेळ लिहायची, आणि चार तासांत संपवायची. उरली तर फेकायची. बाकी काही लसींची उघडलेली बाटली नियमात बसेल तर पुढच्या सत्राला चालते, हिची नाही. विरघळल्यावर ती ऊन सोसत नाही, उजेड सोसत नाही, आणि तिच्यात जंतू वाढू न देणारं काही घातलेलं नसतं. चार तासांनंतर ती देणं धोक्याचंच. एका बाटलीत पाच नाहीतर दहा डोस. आता वाडीवरच्या सत्राला गोवराचं एकच लेकरू आलं तर काय करायचं? नियम स्वच्छ आहे: एक लेकरू असलं तरी बाटली फोडा. पण आढावा बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा आकडा विचारला जातो, आणि न दिलेल्या डोसाचा आकडा तेवढ्या तिखट आवाजात विचारला जात नाही. त्यामुळे नवी सिस्टर घाबरते, म्हणते, "पुढच्या महिन्यात या, चारपाच जण एकदम करू." पुढच्या महिन्यात त्या घराला कुलूप. माझं मत साधं आहे. फेकलेले चार डोस हा खर्च आहे, परत पाठवलेलं एक लेकरू हे नुकसान आहे. आईबापांनो, तुम्हाला असं परत पाठवलं तर तिथंच उभं राहा आणि म्हणा, "बाटली फोडा." आम्हाला नाही म्हणता येत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या भागात गोवराची मोठी साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही आली, लेकरं दगावली. करोनाच्या दोन वर्षांत चुकलेले डोस, दाटीची वस्ती, आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक लस न घेतलेले किंवा अर्धवट घेतलेले. तेव्हा केंद्राने सूचना काढली की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आधीचे डोस झालेले असले तरी एक जादा डोस द्यावा, आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळं दहा टक्क्यांच्या वर आहेत तिथे सहा महिने झालेल्या बाळांनाही एक द्यावा. पण तो सहाव्या महिन्याचा डोस मोजायचा नाही. पुढे नवव्या आणि सोळाव्या महिन्याचे दोन्ही द्यायचेच. का मोजायचा नाही, हे वर आईच्या अँटिबॉडींचं वाचलेल्याला सांगायला नको. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेतही हेच होतं, पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना, आधी किती का झाले असेनात. शाळेत घेतलेला तो डोस नेहमीच्या दोनांऐवजी नव्हता. तेव्हापासून साध्या गोवराच्या जागी एमआर आली आणि रुबेलाही त्यात आला. रुबेला लेकराला फारसं काही करत नाही, पण गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर जातो. त्याला बहुतेक वेळा एकच डोस पुरतो. दुसरा डोस मुख्यतः गोवरासाठी.

शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी. खाजगी बालरोगतज्ज्ञ एमएमआर देतात, त्यात गालगुंडही असतो. त्यांच्या वेळापत्रकात तो नऊ महिन्यांना, पंधरा महिन्यांना आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान असा तीनदा आहे. तो घेतला असेल तर गोवराचं काम झालं. फक्त निम्मं इकडे, निम्मं तिकडे करणार असाल तर दोन्हीकडे एकच कार्ड दाखवा.

आणि उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. हे मला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. चोवीस महिने उलटले की आया येतच नाहीत, वाटतं आता सिस्टर ओरडेल. सरकारी लसीकरणात पाच वर्षांपर्यंत एमआर देता येते. पहिलाच राहिला असेल तर आज पहिला आणि किमान एक महिन्याने दुसरा, फक्त दुसऱ्याच्या वेळी सोळा महिने पूर्ण हवेत. कार्ड हरवलं असेल आणि कुठेच नोंद सापडत नसेल तर दिलाच नाही असं समजून द्यायचा. एखादा जास्त झाल्याने काही बिघडत नाही. थोडी सर्दी, थोडा खोकला, बारीक ताप, जुलाब, या कशासाठीही पुढे ढकलायचा नाही. लेकरू खूप आजारी असेल, अॅडमिट असेल किंवा आधीच्या डोसाला मोठी अॅलर्जी आली असेल तर डॉक्टर ठरवतील.

यंदा गणपती उठले की आशाताई आणि मी यादी करायला बसणार आहोत. कोण कोणत्या मुकादमाकडे, कोणत्या कारखान्याला, आणि कुणाचे नऊ किंवा सोळा महिने फडात भरणार. सोळा भरलेल्या सगळ्यांना दसऱ्याच्या आत. ज्यांचे तिकडे भरणार त्यांची नावं आणि एक मोबाइल नंबर त्या सांगलीच्या सिस्टरला. यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीत नोंद असली तरी कार्ड बरोबर न्यायला सांगणार, आणि कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून देणार. आईकडे मोबाइल नसेल तर मुकादमाच्या बायकोच्या. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये मी आता काढत नाही, तो दिवाळीपर्यंत बदललेला असतो.